इजिप्तच्या मातीच्या भांड्यांवरचं लेखन : आधी विचारा, ते लिहिलं कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते इजिप्तला गेले होते. लक्सरच्या एका दुकानात त्यांना चित्रलिपी कोरलेलं मातीचं भांडं दाखवण्यात आलं आणि ते ‘राजाच्या थडग्यातलं’ आहे असं सांगितलं गेलं. त्यांनी ते घेतलं नाही, पण मनात शंका राहिली. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या भांड्यांवर खरंच लिहीत असत का? लिहीत असतील तर काय? आणि खरं-खोटं ओळखायचं कसं?

माझं काम खापरांचं आहे. उत्खननातून टोपल्या भरभरून येणारी खापरं वेचायची, त्यांची प्रतवारी लावायची, काठांची चित्रं काढायची, त्यात वर्षं गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर. इजिप्तमध्ये सापडणाऱ्या मातीच्या बहुतेक भांड्यांवर काहीही लिहिलेलं नसतं. ज्यांवर असतं, त्यांवर ते बहुधा कोरलेलं नसून काळ्या शाईनं लिहिलेलं असतं आणि लिपीही देवळांच्या भिंतींवरची चित्रलिपी नसते. ती असते हायरॅटिक, म्हणजे कारकुनांच्या हातातली झरझर लिहायची लिपी. पुढच्या काळात तिची जागा डेमोटिक या आणखी घाईच्या लिपीनं घेतली, मग ग्रीक आणि ख्रिस्ती काळातली कॉप्टिक आल्या. पक्ष्या-प्राण्यांची सुबक चित्रं ओळीनं कोरलेलं मातीचं मडकं समोर आलं, की आम्ही तिथेच सावध होतो.

लिहिलेलं खापर हातात आलं, की मी मजकुराकडे वळण्याआधी एकच गोष्ट बघतो : हे लिहिलं कधी? भांडं ओलं असताना, भाजून तयार झाल्यावर, की फुटून त्याचं खापर झाल्यावर? या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. मजकूर कुणाचा, कशासाठी, त्यावरून भांड्याचा काळ काढता येईल की नाही, सगळंच.

पण त्यासाठी आधी माती कळायला हवी. इजिप्तच्या कुंभाराकडे मुख्यतः दोन माती होत्या. एक नाईलचा पोयटा : पुरानं आणून टाकलेला गाळ, लोहाचा अंश भरपूर, त्यामुळे भाजल्यावर तांबूस-तपकिरी. त्यात भुसा, गवताचे तुकडे मिसळत. भट्टीत ते जळून जातात आणि खापराच्या तुटलेल्या कडेवर त्यांच्या बारीक पोकळ्या राहतात. मधोमध कधी काळा पट्टाही दिसतो. दुसरी मार्ल माती. खोऱ्याच्या कडेच्या वाळवंटी टेकड्यांतून ती खणून आणायची. तिच्यात चुन्याचा अंश जास्त, म्हणून ती भाजल्यावर फिकट पिवळसर किंवा हिरवट-पांढरी दिसते. ती टणक असते, जास्त तापमान सोसते आणि कमी पाझरते. रोजची ताटल्या-वाडगी, भाकरीचे साचे, बिअरचे घडे बहुतेक पोयट्याचे. लांब पाठवायचे, जपून ठेवायचे मोठे घडे बरेचदा मार्लचे. या मातींचे पोटप्रकार ठरवण्यासाठी १९८० मध्ये तज्ज्ञांनी व्हिएन्नात बसून एक पद्धत बांधली. आजही क्षेत्रावर ‘नाईल बी-टू’, ‘मार्ल डी’ अशाच भाषेत आमचं बोलणं चालतं. खापराचा एक छोटा ताजा तुकडा तोडायचा, दहापट भिंग लावायचं आणि भुसा, वाळू, चुनखडीचे कण पाहायचे. सगळ्या तपासणीची सुरुवात इथून होते.

आता ओल्या मातीवरचं लेखन. भांडं भाजण्याआधी कुंभारानं काडीनं ओढलेल्या खुणा प्रत्येक काळात सापडतात. दोन रेघा, एक फुली, एखादा बाण. यातल्या बऱ्याच खुणा कुंभारवाड्याच्या किंवा मालाच्या हिशेबाच्या आहेत, त्यांतून वाक्य निघत नाही. पण राज्य उभं राहत होतं त्या काळात, इ.स.पू. ३१०० च्या आगेमागे, मोठ्या घड्यांवर राजाच्या नावाची चौकट येते : राजवाड्याच्या दर्शनी भिंतीची आकृती आणि तिच्यात नाव. नारमेर राजाच्या नावाची अशी चौकट कोरलेलं खापर आजच्या इस्राएलमधल्या अरादलाही मिळालं आहे. राजाचा माल किती लांब जात होता, ते एका खापरावरून कळतं. ओल्या मातीतली रेघ ओळखायची खूण सोपी आहे. रेघेच्या दोन्ही कडांना माती जराशी वर उचललेली असते आणि खोबण आतून गुळगुळीत असते. भाजलेल्या भांड्यावर कोरलं तर कडा ठिसूळपणे तुटतात, कपचे उडतात आणि खोबणीत आतल्या मातीचा वेगळा रंग उघडा पडतो.

भाजलेल्या, अखंड भांड्यावरचं शाईचं लेखन मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्याची सुरुवातही फार जुनी आहे. अबिडोसच्या यू-जे या थडग्यात, जे १९८८ मध्ये गुंटर ड्रायर यांच्या जर्मन पथकाला सापडलं, घड्यांवर शाईनं काढलेली मोठमोठी चिन्हं आहेत, त्यात विंचू वारंवार येतो. काळ इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचा. सोबत हाडाच्या आणि हस्तिदंताच्या लहान चिठ्ठ्या आहेत, भोक पाडून मालाला बांधलेल्या. इजिप्तमधल्या लेखनाचा सगळ्यात जुना मोठा साठा हाच, आणि तो मालाशी बांधलेला आहे.

त्यानंतर सुमारे १८०० वर्षांनी या पद्धतीचं पूर्ण वाढलेलं रूप तुतनखामुनच्या थडग्यात दिसतं. सोन्याचा मुखवटा सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच थडग्यात ठेवलेल्या द्राक्षमद्याच्या २६ घड्यांकडे फार कमी लोक थांबतात. त्यांच्यापैकी एकावरचा मजकूर साधारण असा : वर्ष ५, तुतनखामुनच्या गृहाचं मद्य, पश्चिम नदीचं, मुख्य मद्यकार खा याच्याकडून. मध्येच राजाच्या नावापाठोपाठ ‘आयुष्य, समृद्धी, आरोग्य’ ही ठरावीक सदिच्छा येते. दुसऱ्यावर : वर्ष ४, अतेन या सूर्यदेवाच्या गृहाचं गोड मद्य, मुख्य मद्यकार अपेररेशप. हे दुसरं नाव सीरियाकडचं आहे, म्हणजे नाईलच्या मुखाजवळच्या मळ्यांत परमुलखातले कसबी लोक होते. पश्चिम नदी म्हणजे त्रिभुज प्रदेशातला नाईलचा पश्चिमेकडचा फाटा.

या चार ओळींत साल, मालक, मळा, माल आणि जबाबदार माणूस, सगळं आलं. कारकून घड्याच्या खांद्यावर लव्हाळ्याच्या काडीनं लिहायचा, काजळी आणि डिंकाच्या शाईत. जवळून पाहिलं तर काडी शाईत कुठे बुडवली तेही दिसतं : एक चिन्ह गडद, पुढची दोन-तीन हळूहळू फिकी, मग पुन्हा गडद. सलग ओळ लिहिणारा सराईत हात आणि चिन्ह-चिन्ह उतरवणारा नवखा हात यांतला फरक तिथेच कळतो. मजकुरात एक गोष्ट मात्र नाही : मद्याचा रंग. तो बार्सिलोनाच्या संशोधकांनी २००४ मध्ये घड्याच्या आतल्या गाळातून काढला. टार्टारिक आम्ल द्राक्षाची खूण पटवतं, आणि तांबड्या द्राक्षांतल्या रंगद्रव्यापासून मिळणारं सिरिंजिक आम्ल सापडलं, म्हणजे खा याच्या घड्यातलं मद्य तांबडं होतं. नंतर इतर घड्यांत पांढरंही निघालं.

आता या लेबलांवरून इतिहास कसा उभा राहतो ते बघा. तुतनखामुनच्या थडग्यात त्याच्या मृत्यूचं वर्ष कुठेही लिहिलेलं नाही. घड्यांवरची वर्षं बहुतेक ४, ५ आणि ९. राजा नऊ-दहा वर्षं गादीवर होता या अंदाजाचा मोठा आधार हे घडे आहेत. अखेनातेनचंही तसंच. अमार्ना या त्याच्या राजधानीत घड्यांच्या लेबलांवर त्याचं सगळ्यात मोठं वर्ष १७ येतं. आणि तिथलंच एक लेबल मला फार मोलाचं वाटतं. त्यावर आधी वर्ष १७ आणि मध असं लिहिलं होतं. ते पुसून त्यावर वर्ष १ आणि मद्य असं लिहिलं गेलं. कुणा कारकुनानं मधाचा रिकामा झालेला घडा पुन्हा वापरला, एवढीच घटना. पण राज्यपालट कोणत्या वर्षानंतर झाला याचा असा थेट पुरावा शिलालेखांनी दिलेला नाही. अमेनहोतेप तिसरा याच्या मालकाता इथल्या राजवाड्यात तर सुमारे १४०० लेबलं मिळाली. त्यांतली बरीच ३०, ३४ आणि ३७ या वर्षांची आहेत, म्हणजे त्याच्या राज्यकाळाच्या तीन महोत्सवांची. त्या उत्सवांना कुणाकडून मांस आलं, कुणी बिअर पाठवली, चरबी कुठली, ते त्या खापरांवर नोंदलेलं आहे.

अशा लेबलाची ओळख काय? मजकूर भांडं अखंड असताना लिहिला, म्हणून भांडं फुटलं तेव्हा तोही फुटला. चिन्ह कडेवर अर्धं कापलं जातं, ओळ मध्येच तुटते. पुढे सांगतो त्या तिसऱ्या प्रकारात हे होत नाही.

अखंड भांड्यावर लिहून ते मुद्दाम फोडायचीही एक रीत होती. तांबड्या रंगाच्या भांड्यांवर राजाच्या शत्रूंची नावं लिहायची : इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाचे सरदार, पश्चिम आशियातले राजे, कधी इजिप्तमधलीच नावं. मग विधीपूर्वक ती भांडी फोडायची. बर्लिनला असलेल्या अशा खापरांचं वाचन जर्मन अभ्यासक कुर्ट झेटे यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात अश्कलोनचं नाव आहे, आणि जेरुसलेमचा बहुधा सगळ्यात जुना लेखी उल्लेखही याच खापरांवर आहे. नुबियातल्या मिरगिस्सा किल्ल्याजवळ १९६२ मध्ये अशी सुमारे २०० फोडलेली तांबडी भांडी एकत्र मिळाली. त्यांच्याजवळ शिरच्छेद केलेल्या माणसाचे अवशेष होते. हा विधी नुसता शब्दांचा नव्हता, हे तिथे स्पष्ट होतं.

आणि मग मृतांना लिहिलेली पत्रं. दक्षिण इजिप्तमधल्या काऊ इथल्या थडग्यातला, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पिट्री यांच्या उत्खननातला एक साधा वाडगा लंडनच्या पिट्री म्युझियममध्ये आहे. काळ जुन्या राज्याच्या अखेरचा किंवा त्याच्या जरा नंतरचा, म्हणजे आजपासून चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. शेप्सी नावाच्या माणसानं वाडग्याच्या आतल्या बाजूला मेलेल्या वडिलांना आणि बाहेरच्या बाजूला मेलेल्या आईला पत्र लिहिलं आहे. मालमत्तेवरून तंटा आहे, आणि सोबेकहोतेप नावाचा मेलेला भाऊ आपल्याला छळतो आहे अशी शेप्सीची खात्री आहे. ज्याला परगावाहून आणून मी कुटुंबाच्या थडग्यात जागा दिली तोच असं का करतो, असं तो विचारतो. आईला तो आठवण करून देतो : तू मला म्हणाली होतीस, मला लावे आणून दे, मला खायचे आहेत, आणि मी, तुझ्या मुलानं, तुला सात लावे आणून दिले, तू ते खाल्लेस. मग विचारतो, तुझ्या डोळ्यांदेखत माझ्यावर अन्याय होणार असेल तर तुला पाणी कोण घालणार? माझा आणि सोबेकहोतेपचा निवाडा कर.

पत्र वाडग्यावरच का लिहिलं? त्यात अन्न ठेवायचं असे. मृतात्मा जेवायला येईल, वाडगा रिकामा होईल, तेव्हा आतलं पत्र समोर येणारच. मी या वाडग्यापुढे थांबतो तेव्हा मला त्याचा आकार आणि त्याचा मजकूर वेगळे करता येत नाहीत. मजकूर कागदावर उतरवून घेतला आणि वाडगा बाजूला ठेवला, तर पत्राचा निम्मा अर्थ गेला. कैरोच्या संग्रहालयात असाच आणखी एक वाडगा आहे. देदी नावाची बाई मेलेल्या अंतेफला लिहिते की आपली दासी इमिऊ आजारी आहे, तिच्यासाठी तू लढत का नाहीस, तुझ्या घराचा उंबरठा ओसाड पडावा असं तुला वाटतं का? या लोकांच्या घरात काय चाललं होतं, हे राजांच्या शिलालेखांतून कधीच कळलं नसतं.

तिसरा प्रकार खापरावरच्या लेखनाचा. भांडं फुटलं, एक बरा, फारसा वाकडा नसलेला तुकडा उचलला आणि त्यावर लिहिलं. पपायरस महाग, खापर फुकट. अशा लिहिलेल्या खापरांना आणि चुनखडीच्या कपच्यांना आम्ही ऑस्ट्राका म्हणतो. इथे मजकूर तुकड्याच्या आकारात बसवलेला असतो. ओळी कडेपाशी आखूड होतात, अक्षरं दाटतात, पण कापली जात नाहीत. त्यामुळे भांडं आधीचं आणि लेखन नंतरचं, मध्ये किती काळ गेला ते वेगळं शोधावं लागतं. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या देर-अल-मदिना या वस्तीत असे हजारो तुकडे मिळाले : गाढव भाड्यानं दिल्याचे करार, धान्याचे वाटे, धुणं, भांडणं, खाडे. सोहागजवळच्या अथ्रिबिसला जर्मन-इजिप्शियन पथकाला मिळालेल्या तुकड्यांचा आकडा २०२२ मध्येच १८,००० च्या वर गेला होता. त्यात शाळेतल्या पोरांचे शेकडो तुकडे आहेत, दोन्ही बाजूंनी एकच चिन्ह पुन्हा पुन्हा लिहिलेलं. शिक्षा म्हणून गिरवायला लावलेलं असावं, असं संशोधक म्हणतात.

काहीच न लिहिलेल्या भांड्यांबद्दलही बोलायला हवं, कारण आमचं बहुतेक काम त्यांच्यावरच चालतं. पिट्री यांनी १८९४-९५ मध्ये दक्षिण इजिप्तमधल्या नकादाला, राजांच्या आधीच्या काळातल्या, दोन हजारांवर कबरी खोदल्या. त्यांत ना राजाचं नाव, ना साल. त्यांनी सुमारे ९०० कबरींची भांडी एकेका पट्टीवर उतरवली आणि पट्ट्या पुढे-मागे सरकवत क्रम लावला. धागा मिळाला तो नागमोडी कानांच्या घड्यात. सुरुवातीला कान खरे, हातानं धरण्याजोगे. मग ते आखडत जातात, नुसती नागमोडी पट्टी उरते आणि अखेर सरळसोट नळकांड्यासारख्या घड्यावर एक रेघ. क्रमांक त्यांनी ३० पासून सुरू केले. आधीचं काही सापडलं तर त्याला जागा असावी म्हणून १ ते २९ मोकळे ठेवले, आणि पुढे १९२० च्या दशकात बदारीची त्याहून जुनी भांडी खरोखरच सापडली. मधल्या राज्याच्या काळातल्या (साधारण इ.स.पू. २००० ते १६५०) लहान अर्धगोल पेल्यांचंही तसंच आहे. व्यासाला उंचीनं भागून शंभरनं गुणायचं. बाराव्या राजवंशाच्या सुरुवातीला आकडा दोनशेच्या आसपास असतो, म्हणजे पेला उथळ. तेराव्याच्या ओघात तो दीडशेच्या खाली जातो, पेला खोल होत जातो. एका पेल्यावर विसंबायचं नाही, पण वीस-पंचवीस पेले एका थरातून आले की त्या थराचा काळ बऱ्यापैकी आवळता येतो.

आपल्याकडच्या वाचकांना एक दुवा सांगण्याजोगा आहे, आणि तो रोमन काळातला. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात सेरापिस देवाच्या देवळाच्या आवारात इ.स.च्या पहिल्या शतकातला एक मोठा भारतीय बनावटीचा रांजण पुरलेला सापडला. त्यात साडेसात किलो काळे मिरे होते. बेरेनिकेला आणि कुसैर-अल-कदीमला, म्हणजे जुन्या मायोस होर्मोसला, तमिळ-ब्राह्मीत नावं लिहिलेली खापरंही मिळाली आहेत. उलट बाजूनं महाराष्ट्रात नेवासे, तेर, घारापुरी इथे परदेशी घड्यांचे तुकडे निघाले. ते सरसकट ‘रोमन’ म्हणून नोंदले जात. रोमन खापरांच्या अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांनी माती पुन्हा तपासली, तेव्हा भारतातल्या अशा पुष्कळ तुकड्यांचं मूळ मेसोपोटेमियात निघालं. ते घडे आतून डांबरानं लिंपलेले आणि बरेचसे रोमन व्यापाराच्या भरानंतरचे. व्यापाराचं आख्खं चित्र त्या भिंगाखालच्या कणांनी बदललं.

क्षेत्रावर काम करणाऱ्यांसाठी एक कळकळीची विनंती. खापरं धुवायला टाकण्याआधी प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी, तिरप्या उजेडात पाहा. काजळीची शाई डिंकावर टिकून असते, पाण्यात आणि ब्रशखाली ती निघून जाते, आणि गेली की कायमची गेली. घाईच्या दिवशी हे काम सगळ्यात नवख्या माणसावर सोपवलं जातं, ते थांबायला हवं. पुसट झालेल्या मजकुराचा इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं फोटो घ्यावा. काजळी ती किरणं शोषते, त्यामुळे डोळ्यांना डाग वाटतो तिथे कधी कधी आख्खी ओळ उठून येते.

आता लक्सरचं भांडं. मी ते पाहिलेलं नाही, पण वर्णनावरून सांगतो. मातीच्या भांड्यावर भाजल्यानंतर कोरलेली सुबक चित्रलिपी, कडा तुटलेल्या, खोबणीत ताजा रंग, वरती मात्र जुनेपणाचा थर : ही नव्या मालाची लक्षणं आहेत. मजकूर वाचू जाणाऱ्याला दाखवला तर बहुधा देवळातल्या भिंतीवरची चिन्हं विनाक्रम उतरवलेली निघतील. तरी समजा भांडं खरं असतं, तर ते घेणं आणखी वाईट होतं. इजिप्तमध्ये १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्यानं पुरावस्तूंचा व्यापार बंद केला आहे. म्हणजे दुकानातली वस्तू एकतर नक्कल असते, नाहीतर चोरीची. आणि चोरीच्या भांड्याबरोबर कबर, थर, शेजारची भांडी, आतला गाळ, हे सगळं नष्ट झालेलं असतं. शेप्सीचा वाडगा थडग्यातून नोंद करून बाहेर आला म्हणून आपल्याला त्याच्याबद्दल एवढं बोलता येतं. तुम्ही घेतलं नाही ते योग्यच केलंत.

खरी भांडी जवळून बघायची असतील तर लंडनला जायचीही गरज नाही. पिट्री म्युझियमचा संग्रह इंटरनेटवर फोटोंसकट मोफत बघता येतो. शेप्सीच्या वाडग्याचा क्रमांक यूसी १६१६३ आहे. तो शोधा आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंचे फोटो उघडून ओळी वाडग्याच्या गोलाईवर कशा बसवल्या आहेत ते बघा. मग तिथेच नकादाचे नागमोडी कानांचे घडे काढा, एकाशेजारी एक ठेवा आणि पिट्री यांचा क्रम स्वतः लावून पाहा.